आजा नेव्हीत होता, म्हणजे नेमका कुठे?

वाशिमहून समुद्र गाठायचा तर पाचशे किलोमीटरचा प्रवास. इथलं पाणी म्हणजे पैनगंगा, अडाण आणि विहिरीला लागेल तेवढं. त्यामुळे रिसोडकडच्या एखाद्या घरात ‘आमचा आजा लढाईत बोटीवर होता’ असं कुणी म्हटलं, की ऐकणारे मान डोलावतात आणि विषय सोयाबीनच्या भावाकडे वळतो. बोट कोणती, साल कोणतं, बंदर कोणतं हे सांगणारी पिढी आता संपत आली आहे. घरात राहिलेलं असतं ते ट्रंकेतली दोन-चार पदकं, गणवेशातला एखादा फोटो आणि हे एक वाक्य. एवढ्यावरून शोध लागतो. फक्त बहुतेक जण तो उलट्या टोकाकडून सुरू करतात आणि इंटरनेटवर लढाया शोधत बसतात.

वऱ्हाडातला पोरगा आरमारात गेलाच कसा, याचं उत्तर सोपं आहे. १९३९ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा रॉयल इंडियन नेव्हीकडे आठ युद्धनौका आणि दोन हजारांहून कमी माणसं होती. खलाशी प्रामुख्याने कोकणातले, त्यातही रत्नागिरीकडचे दर्यावर्दी मुसलमान. युद्ध संपेपर्यंत माणसांचा आकडा पंचवीस हजारांच्या वर गेला. वायरलेस, सिग्नल, रडार, इंजिन-खोली या कामांना पोहता येणाऱ्यापेक्षा इंग्रजी वाचता येणारा माणूस हवा होता. मग भरती सगळ्या प्रांतांत खुली झाली. हायस्कूलचं तोंड पाहिलेला वाशिमचा मुलगा अकोल्याला आणि तिथून मुंबईला पोचला, तर त्यात नवल नव्हतं.

शोधाला लागणारी पहिली वस्तू म्हणजे त्याचा सर्व्हिस नंबर. नंबर नसेल तर नाव, वडिलांचं नाव, गाव आणि जन्मतारीख, तीही त्या काळी कागदावर लिहिली गेली तशी. इथे वाशिमकरांची एक जमेची बाजू आहे. जात पडताळणीने इथल्या घराघरांतल्या माणसांना जुने कागद काढण्यात पटाईत करून ठेवलं आहे. तहसीलमधून कोतवाल बुकाची नक्कल कशी मिळवायची, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर कुणाच्या हाताखाली असतं, १९५४-५५चा अधिकार अभिलेख कुठे बघायचा, हे इथे दहावीच्या पोराचा बापही सांगेल. खलाशाच्या शोधालाही हेच कागद लागतात. फक्त एक लक्षात ठेवायचं. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, म्हणून त्याआधीची जिल्हा पातळीवरची फाइल अकोल्यातही विचारावी लागते. आणि भरतीच्या वेळी हा मुलूख मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. जुन्या इंग्रजी कागदांत वाशिमचं स्पेलिंग ‘बासिम’ असं येतं, जिल्हा अकोला आणि प्रांत ‘सी. पी. अँड बेरार’. ‘वाशिम, महाराष्ट्र’ असं टाकून शोधणाऱ्याच्या हाती त्यातलं काही लागणार नाही.

घरात आजी बरीच वर्षं हयात होती का? मग आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. युद्धापुरते भरती झालेले बहुतेक जण पेन्शनला पात्र ठरले नाहीत. दुसऱ्या महायुद्धातल्या अशा बिनपेन्शनच्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार मासिक अर्थसाहाय्य देतं. त्या अर्जाला सेवेचा पुरावा जोडावा लागतो, म्हणजे घरातून हरवलेला डिस्चार्जचा कागद सरकारी फायलीत शाबूत असण्याची शक्यता चांगली.

आता ती पदकं. ही मुलांना खेळायला दिली गेली नसतील तर नशीब समजा, कारण ती जवळजवळ सेवापुस्तिकेसारखी वाचता येतात. सहा टोकांचा तारा आणि गोल पदक यांत मोठा फरक आहे. गडद निळा, लाल आणि फिकट निळा अशा तीन सारख्या पट्ट्यांच्या फितीचा १९३९-४५ स्टार नौदलात साधारणपणे सहा महिने युद्धक्षेत्रात समुद्रावर काढल्याशिवाय मिळत नसे. मधोमध रुंद लाल पट्टा, दोन्ही बाजूंना निळा आणि त्या निळ्यात नारिंगी रेघ, हा बर्मा स्टार. तो असेल तर माणूस बंगालच्या उपसागरात किंवा ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याकडे गेला होता. पाठीवर हिंदुस्थानचा नकाशा असलेलं गोल पदक म्हणजे इंडिया सर्व्हिस मेडल. ते देशातच तीन वर्षं काढलेल्या सेवेचं. ट्रंकेत नुसती गोल पदकं असतील आणि तारा एकही नसेल, तर आजोबांची लढाई बहुधा किनाऱ्यावरच्या वायरलेस खोलीत किंवा वर्कशॉपमध्ये झाली. त्यात कमीपणा कसला? एका युद्धनौकेमागे किनाऱ्यावर पुष्कळ माणसं राबत. पदकाच्या कडेवर नाव किंवा नंबर कोरलेला दिसला तर ती ओळ तशीच्या तशी उतरवून घ्या, आणि पदक चिंचेने घासू नका.

सगळ्यात जास्त घोळ नावांचा आहे. नौदलात किनाऱ्यावरच्या ठाण्यालाही जहाजाचंच नाव असतं, त्या काळी आधी ‘एचएमआयएस’ लावून. त्यामुळे कागदावर ‘तलवार’ दिसलं की नातू म्हणतो आजोबा ‘तलवार’ नावाच्या जहाजावर होते. ‘तलवार’ म्हणजे कुलाब्यातली सिग्नल आणि वायरलेसची शाळा. ‘अकबर’ ठाणे शहराजवळ कोलशेतला, खलाशांचं प्रशिक्षण केंद्र. ‘मछलीमार’ वर्सोव्याला, तिथे पाणबुड्या शोधायला शिकवत. ‘शिवाजी’ १९४५ पासून लोणावळ्यात, तेही डोंगरावर. ‘बहादूर’ आणि ‘हिमालय’ कराचीच्या मनोरा बेटावर. शेवटच्या नोंदीपाशी मानोरा तालुक्यातल्या नातवाने तर दोनदा थांबावं. इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग एकच, त्यामुळे ‘मनोरा’ हे मूळ गाव आहे की नेमणुकीचं ठिकाण, हे रकाना पाहूनच ठरवायचं.

खऱ्या जहाजांची तऱ्हा वेगळी. त्यातल्या बऱ्याच नौकांना नद्यांची नावं होती, पण साहेबाच्या जिभेवर बसलेली: नर्मदेची ‘नर्बदा’, यमुनेची ‘जमना’, कृष्णेची ‘किस्तना’. जहाजाचं नाव पक्कं कळलं की पुढचा भाग सोपा, कारण जहाजांचा इतिहास छापलेला आहे. डी. जे. ई. कॉलिन्स यांनी लिहिलेला रॉयल इंडियन नेव्हीचा अधिकृत इतिहास १९६४ मध्ये निघाला. ‘जमना’ आणि ‘सतलज’ जुलै १९४३ मध्ये सिसिलीच्या स्वारीत होत्या. ‘नर्बदा’ने आराकानच्या किनाऱ्यावर तोफा डागल्या. ‘इंडस’ एप्रिल १९४२ मध्ये अक्याबजवळ जपानी बॉम्बहल्ल्यात बुडाली. आणि ‘बेंगॉल’ या चिमुकल्या सुरुंगशोधक नौकेने ११ नोव्हेंबर १९४२ रोजी ‘ओंदिना’ या डच तेलवाहू जहाजाच्या साथीने दोन मोठ्या जपानी हल्लेखोर जहाजांशी झुंज दिली, त्यातलं एक बुडालं. ‘बेंगॉल’ तरली. असं पान वाचताना नातवाला वाटतंच, आपला आजा तिथे असावा. पण जहाजाचा इतिहास म्हणजे माणसाचा इतिहास नव्हे. तो त्या दिवशी जहाजावर होता का, हे तारखांवरूनच ठरतं.

आणि तारखा असतात सेवानोंदीत. भारतीय नौदलातल्या खलाशांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ‘ब्युरो ऑफ सेलर्स’ या कार्यालयाकडे असतात. वारसाने अर्ज करताना सर्व्हिस नंबर, नातं दाखवणारे कागद आणि मृत्यूचा दाखला जोडावा. दाद लागली नाही तर माहिती अधिकार आहेच. त्या कायद्याच्या कलम ८(३) प्रमाणे वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती मोजके अपवाद सोडता नाकारता येत नाही. अर्थात कायदा कागद मिळवून देतो, निर्माण करत नाही. ‘बोटीवर’ म्हणजे मालवाहू बोटीवर असेल तर मात्र मानखुर्द उपयोगाचं नाही. ती माणसं मुंबईच्या शिपिंग मास्टरच्या दप्तरातली. आणि जो परतलाच नाही त्याचं नाव राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या यादीत बघावं. समुद्रात गेलेल्या हजारो भारतीय खलाशांच्या नामावलीची एक प्रत मस्जिद बंदरच्या सेलर्स होममध्ये आहे, तिची जुळी प्रत चितगावला.

राहता राहिला १९४६चा प्रश्न. १८ फेब्रुवारीला ‘तलवार’वर जेवणावरून ठिणगी पडली आणि पाच दिवसांत नौदलातले हजारो खलाशी संपात उतरले. त्यामुळे त्या वर्षी घरी परतलेला प्रत्येक आजा घरच्या गोष्टीत बंडवाला होतो. पण युद्ध संपल्यावर नौदल त्याच महिन्यांत माणसं कमी करत होतं, आणि पुढे काय या धास्तीचा त्या असंतोषातही वाटा होता. एप्रिल १९४६चा डिस्चार्ज एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कागदावर सुटण्याच्या कारणाचा वेगळा रकाना असतो, वर्तणुकीचा शेरा असतो, ते वाचावेत. सुटताना तो कुठे नेमणुकीवर होता तेही पाहावं, कारण संपाचं लोण मुंबई-कराचीत जितकं होतं तितकं सगळीकडे नव्हतं. बडतर्फ झाल्याची नोंद निघालीच तर आणखी एक दार उघडतं. केंद्र सरकारच्या स्वातंत्र्यसैनिक सन्मान पेन्शनसाठी मान्य केलेल्या आंदोलनांत नौदलाच्या या उठावाचा समावेश आहे. आजोबांनी कधी अर्ज केला असेल तर त्यात त्यांनी स्वतःच्या शब्दांत हकिगत लिहिली असणार, बरोबर सोबत्यांची नावंही. १९९८ पूर्वीचा अर्ज असेल तर तो अकोल्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात विचारायचा.