कॉम्प्रेसरची निगा : हवा दिसत नाही, पण गाळप अडवते



गव्हाणीत मोळ्या पडल्या की सगळ्यांची नजर मिलवर. कोपऱ्यात धडधडणाऱ्या कॉम्प्रेसरकडे कोण बघतो? पण बॉयलिंग हाऊसचे आपोआप चालणारे व्हॉल्व्ह त्याच्याच दाबाच्या हवेवर उघडझाप करतात आणि गंधक भट्टीलाही कोरडी हवा लागते. तो बसला की रस तुंबतो, मिलची गती उतरते, काट्यापुढे गाड्यांची रांग लागते आणि तोडलेला ऊस उन्हात वाळतो. घटलेले वजन आपलेच.

निगा अवघड नाही. भुशाच्या धुळीने हवेची जाळी चोंदते. ती वरचेवर साफ करावी. टाकीतले पाणी दर पाळीला सोडावे. ओली हवा भट्टीत गेली तर आम्ल बनते आणि नळ्या खाल्ल्या जातात. तेलाची पातळी व पट्ट्याचा ताण रोज पाहावा.

गळती साबणाच्या पाण्याने सापडते. ३ मिलिमीटरचे एक भोक ७ बार दाबाला सुमारे ३ किलोवॅट वीज खाते. म्हणजे विहिरीवरची ४ अश्वशक्तीची मोटार रात्रंदिवस फुकट चालवल्यासारखेच!

व्हॉल्व्ह, पिस्टन रिंगा, इंटरकूलर पावसाळ्यातच उघडून साफ करावेत. सभेत खर्चाचा आकडा आला की कुणीतरी विचारतंच, "मशीन चालतंय की, मग खोलायचं कशाला?" उत्तर सोपं आहे. पावसाळ्यात आपण खोललं नाही, तर भर हंगामात ते आपल्याला खोलायला लावतं.