चाकांवरचे घर

घर मजबूत हवे असेल, तर पाया मजबूत हवा. पण ज्या घराला पायाच नाही, ते जमिनीवर स्थिर कसे राहत असेल?

अमेरिका आणि कॅनडा या देशांत अशी घरे रस्त्यांवरून धावताना दिसतात. त्यांना ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. ट्रेलरला इंजिन नसते. तो मोटारीला जोडून ओढून नेतात. आत झोपण्याची जागा, छोटेसे स्वयंपाकघर आणि फ्रीज असतो. सुट्टीत अनेक कुटुंबे असा ट्रेलर घेऊन येलोस्टोनसारख्या राष्ट्रीय उद्यानात मुक्काम करतात. १८७२ साली स्थापन झालेले हे उद्यान डोंगराळ प्रदेशात आहे. अशा भागात मुक्कामाची प्रत्येक जागा सपाट नसते. म्हणून तेथे पोचल्यावर पहिले काम असते, ट्रेलर समतल करण्याचे.

थोडा उतार राहिला तर काय बिघडते? झोपणाऱ्याचे डोके खाली आणि पाय वर होतात. दार आपोआप उघडते. सर्वांत मोठे नुकसान फ्रीजचे होते. बऱ्याच ट्रेलरांत गॅसच्या ज्योतीवर चालणारा फ्रीज असतो. त्याच्या नळ्यांत अमोनिया आणि पाणी असते. हे द्रव पंपाशिवाय, स्वतःच्या वजनाने खाली वाहते. फ्रीज फार कललेला असेल, तर ते वाटेतच साचते. मग नळी अतिशय तापते आणि हळूहळू फ्रीज कायमचा निकामी होतो.

जमीन समतल आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी नेमके कळत नाही. त्यासाठी गवंडी वापरतो तशी पाणसळ लागते. पाणसळीतील हवेचा बुडबुडा नेहमी उंच बाजूकडे सरकतो. तो मध्यभागी थांबला, की जागा समतल आहे असे समजावे.

आता कामाचा क्रम पाहू. प्रथम डावी व उजवी बाजू सारखी करतात. समजा, डावी बाजू ६ सेंटिमीटर खाली आहे. तर डाव्या चाकांसमोर तेवढ्या जाडीच्या फळ्या ठेवतात आणि मोटारीने ओढून चाके त्यांवर चढवतात. नंतर चाकांच्या पुढे व मागे पाचरी घट्ट बसवतात. उतारावर उभ्या असलेल्या बैलगाडीच्या चाकाला दगड लावलेला तुम्ही पाहिला असेल. पाचरीचे काम तेच. पाचर लावण्याआधी मोटार सोडली, तर ट्रेलर घरंगळू शकतो आणि माणसाचा जीवही जाऊ शकतो.

पाचरी लावल्यावरच मोटार सोडतात. मग ट्रेलरच्या पुढच्या दांड्याला बसवलेला जॅक फिरवून पुढचा भाग वर किंवा खाली घेतात. अशा रीतीने पुढची व मागची बाजू सारखी होते.

शेवटी चार कोपऱ्यांवरचे आधार जमिनीला टेकेपर्यंत खाली सोडतात. जमीन मऊ असेल, तर त्यांच्याखाली फळी ठेवतात. या आधारांमुळे आत चालताना घर डुलत नाही. मात्र ट्रेलर उचलण्यासाठी ते वापरू नयेत. तसे केल्यास ट्रेलरचा सांगाडा वाकतो आणि दारे अडकू लागतात.

निघताना हाच क्रम उलटा होतो. आधी आधार वर घेतात, मग मोटार जोडतात आणि पाचरी सर्वांत शेवटी काढतात. या घराला पाया नसतो. त्याची सुरक्षितता कामाच्या क्रमावर अवलंबून असते.