20 हजार पगारात एकट्याचं भागतं का? दुकान टाकायच्या आधी हा हिशोब करा



मागच्या रविवारच्या बॅचमध्ये बीडकडचा एक मुलगा आला होता. वय 24, भोसरी एमआयडीसीत नोकरी, पगार 20 हजार, लग्न झालेलं नाही. म्हणाला, "सर, वीस हजारात काही उरतच नाही. नोकरी सोडतो आणि जनरल स्टोअर्स टाकतो."

मी विचारलं, "बरं, महिन्याला तुला जगायला किती लागतात?"

"असतील बारा-तेरा हजार."

असतील! या एका शब्दावर आम्ही दीड तास बसलो. व्हिडिओत आकडे पटापट गेले, म्हणून इथे सावकाश लिहून देतोय.

आधी पगार बघू. 20 हजार हा स्लिपवरचा आकडा. त्याचं बेसिक 12,000. त्यावर 12 टक्के पीएफ म्हणजे 1,440. ईएसआय 0.75 टक्के, म्हणजे 150. प्रोफेशनल टॅक्स 200, फेब्रुवारीत 300. हातात येतात 18,210. पण आपण मनात 20 हजारच धरून चालतो. पहिली गडबड इथेच होते.

आता खर्च. कॉट बेसिसवर तिघांत एक खोली, याच्या वाट्याला 3,500. लाईट-पाणी 300. दोन वेळची मेस 3,200, पण रविवारी संध्याकाळी मेस बंद, म्हणून बाहेर जेवण, त्याचे 480. चहा-नाश्ता रोज 50 म्हणजे 1,500. पेट्रोल 1,400. साबण, तेल, कटिंग, इस्त्री मिळून 600. आणि मोबाईलचा रिचार्ज. तो 28 दिवसांचा असतो, त्यामुळे वर्षातून 12 नाही, 13 वेळा मारावा लागतो. 350 चा धरला तर महिन्याला 380 पडतात. सगळी बेरीज 11,360.

तो स्वतःच चकित झाला. "मग सर, जवळजवळ सात हजार उरायला पाहिजेत. जातात कुठे?"

जातात अशा ठिकाणी, जी दर महिन्याला दिसत नाहीत. बाईकचा इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंग, गणपती-दिवाळीला गावी जाणं, कपडे, मित्राच्या लग्नाचा आहेर, एखादं आजारपण. आम्ही मागच्या वर्षीचं आठवून आठवून लिहिलं, तर 18,000 निघाले. म्हणजे महिन्याला 1,500. शिवाय घरी आईला 3,000 पाठवतो. ते मी कापायला सांगणार नव्हतो आणि त्यानेही कापले नसते. एकूण 15,860. खरे उरतात 2,350.

मग भागतं का? भागतं, पण खोलीत आणखी दोघं आहेत म्हणून. त्याच भागात एकट्याची खोली 7,500 ला आहे. ती घेतली तर उरणं सोडा, महिन्याला 1,650 कमी पडतात. बाईकचा हप्ता असता तरी हीच गत. तुमच्या गावात आकडे वेगळे येतील. मेस स्वस्त असेल, कदाचित भाडंच नसेल. पण आकडा तुमचा तुम्हीच काढायचा, माझा उचलायचा नाही.

हे मी एवढं ताणून का सांगतोय? कारण 2016 मध्ये मी दुकान टाकलं तेव्हा हा आकडा माझ्याकडे नव्हता. बीबीए झालेलो, ब्रेक-इव्हनची गणितं परीक्षेत सोडवलेली. पण गल्ल्यातून पैसे काढताना कोण वही उघडतंय? पेट्रोलला शंभर, भाच्याला चॉकलेट, मित्राला उसने. सात महिन्यांनी रॅक रिकामे दिसायला लागले. धंदा तोट्यात नव्हता, मीच माल खात होतो. होलसेलरचे 62 हजार थकले आणि शेवटी बाबांनी एफडी मोडली. ते आजपर्यंत त्यावर एक शब्द बोललेले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तर आता त्या मुलाचं दुकान. भाडं 8,000, लाईट आणि किरकोळ 2,000. त्यात जगण्याचे 15,860 मिळवले की 25,860. एवढं दुकानाने दर महिन्याला मार्जिनमधून द्यायला हवं. सरासरी मार्जिन 18 टक्के धरलं, तर विक्री हवी साधारण 1 लाख 44 हजार. महिन्याचे 26 दिवस दुकान उघडं धरलं, तर रोजचा गल्ला साडेपाच हजार. पहिल्या महिन्यापासून! आणि इथे एक चूक सगळेच करतात: 100 चा माल 120 ला विकला की "20 टक्के सुटले" म्हणतात. विक्रीवर ते 16.67 टक्केच असतात. गल्ल्याचा हिशोब विक्रीवर चालतो, खरेदीवर नाही.

शिवाय पगारासोबत येणाऱ्या काही गोष्टी नोकरीबरोबरच जातात. कंपनी पीएफमध्ये स्वतःचा 12 टक्के वाटा भरते, ईएसआयमध्ये 3.25 टक्के भरते. दुकानात हे कोणी भरणार नाही, आणि ईएसआयचा दवाखानाही आज ना उद्या सुटतो. निदान बँकेतून पंतप्रधान जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा तरी चालू ठेवा. वर्षाला 436 आणि 20 रुपये, दोन्हींचं कव्हर 2-2 लाखांचं. हॉस्पिटलच्या बिलाला मात्र हे चालत नाहीत, त्यासाठी मेडिक्लेम वेगळा धरा.

दुकान बसायला सहा महिने लागतील असं धरलं, तर फक्त जगायला 95 हजार बाजूला हवेत. महिन्याला 2,350 ने ते जमायला तीन वर्षांच्या वर जातात. हे ऐकून तो गप्पच झाला.

मी त्याला "दुकान टाकू नको" म्हटलं नाही. म्हटलं, "अरे, अजून राजीनामा देऊ नको. रविवारच्या बाजारात टेबल लाव, दहा हजाराच्या आत माल भर, आणि तीन महिने बघ तुझा रविवारचा गल्ला किती होतो. जे सुटेल ते त्या 95 हजारांत टाक. आणि आजपासून रोजचा खर्च वहीत लिही. मोबाईलवर नको, वहीतच."

काल रात्री त्याचा मेसेज आला. अकरा दिवस झालेत लिहून. चहा-नाश्त्याचे 550 धरले होते, निघाले 830. खाली लिहिलंय, "सर, वडापाव दिसतच नव्हता."