जर्नलमधला १२०/८०

शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकाची वीस-पंचवीस जर्नलं समोर घेऊन रक्तदाबाचं पान उघडलं, की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. बहुतेकांचं रीडिंग १२०/८०. फार तर ११०/७०, एखादा धीट १३०/९०. पाऱ्याच्या मॅनोमीटरवर खुणा दोन-दोन मिलिमीटरच्या असतात; म्हणजे शेवटचा आकडा ०, २, ४, ६, ८ यांपैकी कुठलाही येऊ शकतो, आणि खरंच मोजलं तर साधारण पाचातलं एक रीडिंग शून्यावर संपावं. जर्नलमध्ये पाचातली पाचही शून्यावर संपतात. शून्याची ही ओढ डॉक्टर-परिचारिकांच्या नोंदींतही सापडते, त्यामुळे सगळा दोष पोरांच्या माथी मारता येत नाही. पण आकडा जवळच्या शून्याकडे ढकलणं वेगळं आणि सरसकट १२०/८० लिहिणं वेगळं. पट्टा बांधला, हवा भरली, स्टेथो लावला, आणि शेवटी पुस्तकातला ‘नॉर्मल’ उतरवला. खाली शिक्षकांची सही आणि गुण. ज्याला ठोके नीट ऐकू आले आणि ज्याने १२६/८२ लिहिलं, त्याला याहून जास्त काही मिळत नाही. उलट ‘हे असं कसं आलं?’ म्हणून त्यालाच उभं केलं जाण्याची शक्यता अधिक.

भिवंडी परिसरातून बारावी सायन्सनंतर डी.फार्म.ला जाणाऱ्या मुलामुलींना हा विषय पहिल्याच वर्षी भेटतो. परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची. फार्मसी कौन्सिलच्या २०२० च्या नियमावलीप्रमाणे लेखीला ८० आणि अंतर्गत २०, प्रात्यक्षिकालाही तेच. गुणांच्या या वाटणीत मला फारसं वावगं दिसत नाही. खोट आहे ती प्रश्नांत. ‘कानाची नामनिर्देशित आकृती काढा’ असं विचारलं की परीक्षक नावं मोजतो: कर्णपटल, तीन हाडं, कॉक्लिआ, श्रवणतंत्रिका. नावं जागच्या जागी असली की गुण पूर्ण. पण या सगळ्या भागांतून आवाज पुढे कसा सरकतो आणि मधलाच एखादा भाग बिघडला तर नेमकं काय होतं, हे त्या मुलाला कळलंय की नाही, याचा पत्ता त्या आकृतीतून लागत नाही. शिकणं तपासायचं असेल तर विद्यार्थ्याला एखादा बदल सांगून पुढे काय होईल ते विचारलं पाहिजे आणि ‘का’ हा प्रश्न सोडता कामा नये. माझा मुद्दा एवढाच आहे, आणि त्यासाठी भिवंडीइतकं सोयीचं गाव शोधून सापडायचं नाही.

इथल्या धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. तिथे वीस वर्षं पाळी केलेला कामगार मेडिकलच्या काउंटरवर येतो आणि सांगतो, हल्ली ऐकू कमी येतं, कानात घालायला थेंब द्या. परीक्षेचा प्रश्न इथून सुरू करावा. ट्यूनिंग फोर्क वाजवून त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला. आवाज थांबल्याचं त्याने सांगताच फोर्क कानासमोर धरला, तर त्याला पुन्हा ऐकू आलं. ही रिनेची चाचणी, आणि तिचा हा निकाल निरोगी कानासारखा. मग फोर्क कपाळावर ठेवला, तर आवाज मधोमध वाटला, कुठल्याच बाजूला झुकला नाही. ही वेबरची चाचणी, तीही ‘नॉर्मल’. दोन्ही चाचण्या ठीक, आणि माणसाला ऐकू येत नाही. बिघाड कुठे?

पाठांतरावर चालणारा विद्यार्थी इथे अडतो, कारण त्याच्या डोक्यात ‘रिने निगेटिव्ह म्हणजे बहिरेपणा’ एवढंच पक्कं असतं. आकृती ज्याला खरोखर समजली आहे तो मागे जातो. हवेतून येणारा आवाज हाडातून येणाऱ्या आवाजापेक्षा जास्त वेळ ऐकू येतोय, म्हणजे कर्णपटल आणि तिन्ही हाडं शाबूत. वाट मोकळी आहे; मग दोष पुढे, कॉक्लिआत. सततच्या आवाजाने तिथल्या केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. वेबर मधोमध आहे, कारण दोन्ही कान सारखेच गेलेत. याच तर्काने थेंबांचा निकालही लागतो: मळ मऊ करणारे थेंब वाट मोकळी करतात, आणि इथे वाट बंद नाहीच. अमुक चाचणी पॉझिटिव्ह की निगेटिव्ह यापेक्षा या माणसाला थेंब विकू नयेत आणि कान तपासायला इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात धाडावं, हे कळणं औषध देणाऱ्याला जास्त गरजेचं. (रिनेचा ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे चांगला निकाल, हा घोळ कोणी घातला देवाला ठाऊक, त्यापायी पोरांचे गुण उगाच जातात.)

यावर पहिला आक्षेप ठरलेला: नावंच येत नसतील तर तर्क कशाच्या जोरावर करणार? बरोबर आहे. कॉक्लिआ हा शब्द ठाऊक नसलेला विद्यार्थी वरच्या प्रश्नापुढे उभाच राहू शकणार नाही. नावांची परीक्षा जरूर घ्यावी, लेखीतल्या एका गुणाच्या प्रश्नांत ती होतेच. माझी तक्रार आहे ती तिथेच थांबण्याबद्दल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तोंडी विचारायला गेलं की परीक्षकाची मर्जी मधे येते. एकाला सोपं, दुसऱ्याला अवघड, आणि चुरुचुरु बोलणाऱ्याचं फावतं. या दुखण्यावर उपाय शोधून पन्नास वर्षं झाली. १९७५ मध्ये डंडी इथल्या रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टेशनांची परीक्षा मांडली: प्रत्येक स्टेशनवर ठरलेलं एक काम, ठरलेली मिनिटं, आणि काय केलं तर किती गुण याची यादी आधीच तयार. १९८६ मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या शरीरक्रियाशास्त्राच्या शिक्षकांनी तीच पद्धत प्रयोगशाळेच्या प्रात्यक्षिकांना लावून दाखवली आणि ‘ऑस्पी’ हा शब्द आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांत रुळला. परीक्षक बदलला तरी यादी बदलत नाही. शिवाय साठ मुलांची तुकडी एकेकाला बोलावण्यापेक्षा स्टेशनांवरून फिरवली, तर दिवस कमी जातो. फार्मसीच्या पदविकेला हे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी सांगावं की ट्यूनिंग फोर्क, स्टेथो आणि घड्याळ यांच्यापलीकडे लागतं काय.

तरीही यादीवर डोळे झाकून विश्वास ठेवायचं कारण नाही. ‘पट्टा कोपराच्या वर बांधला – एक गुण’, ‘नाडी चाचपली – एक गुण’ असं छापलं की मुलं यादीच पाठ करतात, आणि रक्तदाब पुन्हा १२०/८० येतो. म्हणून रक्तदाबाच्या स्टेशनवर परीक्षकाने दुहेरी नळीच्या स्टेथोने बरोबरीने ऐकावं आणि दोघांच्या आकड्यांतला फरक बघून गुण द्यावेत. त्यानंतर एकच प्रश्न: हात हृदयाच्या पातळीपेक्षा वीतभर वर धरला तर रीडिंग वाढेल की घटेल? घटेल, दर दहा सेंटिमीटरला साधारण साडेसात-आठ मिलिमीटरने. आकडा आला नाही तरी चालेल, पण रक्ताला वर चढायचंय आणि त्या उंचीइतका दाब कमी होतो, एवढं तरी यावं.

आणि हे कुठल्या भाषेत? या गावात एका वर्गात मराठी, उर्दू, हिंदी माध्यमांतली मुलं असतात, पद्मशाली घरांतली तेलुगू बोलणारी असतात. पुस्तकं आणि चिठ्ठ्या इंग्रजी. इंग्रजीत उत्तर मागितलं की पाठ केलेलं वाक्य बाहेर पडतं आणि समज तपासायची राहून जाते. उद्या डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीतच वाचायची आहे, हा आक्षेप खरा. म्हणून संज्ञा इंग्रजीतच घ्याव्यात, कॉक्लिआ कॉक्लिआच राहू द्यावा. कारण मात्र ज्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत सांगू द्यावं. त्या कामगाराला थेंब का देत नाही, हे त्याला काउंटरवर सांगायचंय तेही उर्दूत नाहीतर तेलुगूतच. यातलं बरंचसं अंतर्गत २० गुणांत आजच बसवता येतं, त्याला मंडळाच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. शिक्षकाला फक्त १२६/८२ लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्यायची तयारी ठेवावी लागेल.