कोल्हापूरचा नवा राजवाडा

नागपुरात रामदासपेठेतून निघून सीताबर्डी ओलांडली आणि महालात शिरलं की भोसल्यांच्या जुन्या राजवाड्याची जागा येते. काळ्या पाषाणाचा, लाकडी कोरीवकामाने मढवलेला तो राजवाडा १८६४ मध्ये जळाला. मोठं प्रवेशद्वार तेवढं उरलं. आतलं वैभव तर त्याआधीच गेलं होतं. १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारसाविना वारले, डलहौसीने राज्य खालसा केलं, हत्ती-घोडे-उंट लिलावात निघाले आणि जवाहीर कलकत्त्याच्या बाजारात पोचलं. तेव्हा राजाचं घर त्याच्या सामानासकट बघायचं, तर नागपूरकराने कोल्हापूर गाठावं. तिथले राजेही भोसलेच, घराणं मात्र वेगळं. त्यांचं संस्थान १९४९ च्या विलीनीकरणापर्यंत टिकलं, म्हणून वस्तूही घरात राहिल्या.

भवानी मंडपाजवळचा जुना राजवाडा वेगळा. नवा राजवाडा कसबा बावड्याच्या रस्त्यावर आहे. १८७७ ते १८८४ या काळात, सुमारे सात लाख रुपये खर्चून तो उभा राहिला. आराखडा मेजर चार्ल्स मँट या लष्करी इंजिनिअरचा. बडोद्याचा लक्ष्मी विलास आणि अजमेरचं मेयो कॉलेजही त्याचंच. आपलं गणित चुकलंय, इमारती कोसळणार, या धास्तीने त्याला वेड लागलं असं सांगतात. एवढं खरं की तो १८८१ मध्ये वारला आणि हा राजवाडा पुरा झालेला त्याने पाहिला नाही.

कोल्हापूरच्या राजघराण्यासाठी त्याने त्याआधी एक छत्रीही आखली होती, तीही थेट इटलीत. युरोपचा प्रवास करून परतणारे तरुण राजाराम महाराज १८७० मध्ये फ्लॉरेन्सला वारले. त्यांचं दहन आर्नो नदीकाठी झालं, आणि तिथल्या कॅशिने बागेत ती छत्री आजही उभी आहे. राजारामांनंतर दत्तक आलेले चौथे शिवाजी गादीवर असताना राजवाड्याचं काम सुरू झालं. इंग्रजांनी त्यांना वेडे ठरवलं, अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं, आणि १८८३ च्या नाताळात पहारेकरी गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा मृत्यू झाला. पुढच्याच मार्चमध्ये दत्तक आला तो कागलचा नऊ वर्षांचा यशवंतराव, म्हणजे राजर्षी शाहू.

इमारत अष्टकोनी, घडीव काळ्या दगडाची, मधोमध घड्याळाचा मनोरा. गुजरात-राजस्थानच्या मंदिरांतली नक्षी, घुमट, मराठी वाड्याची ढब, असं बरंच काही मँटने एकत्र आणलं आहे. माझ्या मते अंमळ जास्तच. पण काळा दगड सगळ्याला एकाच रंगात बांधून ठेवतो, म्हणून गर्दी डोळ्यांवर येत नाही. आत दरबार हॉल आहे, आणि राजवाड्याचा प्राण तोच. दोन मजले उंच दालन, कडेने नक्षीदार कमानी, वर सज्जा, एका टोकाला सिंहासन. कमानींतल्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग चितारले आहेत. इंग्रज इंजिनिअरच्या इमारतीत, विलायती चर्चच्या कलेत शिवाजी महाराज!

१९७४ मध्ये तळमजल्यावर श्रीमंत शहाजी छत्रपती म्युझियम सुरू झालं. वरच्या मजल्यांवर छत्रपतींचं कुटुंब राहतं. खाली पोशाख, शस्त्रं, चांदीच्या वस्तू, औरंगजेबाची तलवार. शिकारीच्या दालनात पेंढा भरलेले वाघ-अस्वलं, जनावरांच्या पायांचं फर्निचर, आणि काळवीट मारायला पाळलेल्या चित्त्यांचे फोटो. हे दालन बघताना जीव गुदमरतो, तरी ते झाकून ठेवू नये. राजेपण कसं जगलं जाई, ते तलवारींपेक्षा इथे जास्त कळतं.

शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखल्या. त्या निर्णयाला इथे आणखी मोठी जागा हवी, असं मला वाटतं. अंबाबाईच्या दर्शनाला जाल तेव्हा परतीची गाडी थोडी उशिराची काढा, आणि दरबार हॉलसाठी निदान अर्धा तास ठेवा.