कढईआधीची आग

फैजपूरचे नाव देशाच्या दफ्तरी चढले ते १९३६ च्या डिसेंबरात, जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली येथे भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या ग्रामीण अधिवेशनामुळे; परंतु जळगाव जिल्ह्यातील खवय्यांना विचाराल, तर यावल तालुक्याच्या या टापूची कीर्ती ते शेजारच्या बामणोदच्या वांग्यांच्या खाती जमा करतील. २०१६ मध्ये ‘जळगावचे भरीत वांगे’ या नावाने या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे जिभेने केव्हाच दिलेल्या निकालावर सरकारी शिक्का उमटला, इतकेच.

या वांग्याचे भरीत हा एका कढईचा स्वयंपाक, पण ही किमया एकट्या खानदेशाची नव्हे. रात्रीचे सबंध जेवण एकाच भांड्यात सिद्ध करण्याची युक्ती युरोपातील गृहिणी सॉसेज व भाज्या एकत्र परतून साधते, आणि गोव्यातही चोरीस हे डुकराच्या मांसाचे सॉसेज, बटाटे व कांदा एका कढईत नांदतात. तिथे निराळा मसाला लागत नाही, कारण डुकराच्या मांसाला सिरका, तांबडी मिरची आणि लसूण यांचे संस्कार आधीच घडलेले असतात आणि उष्णता लागताच सुटणारी चरबी बटाट्याला आपोआप मिळते. तात्पर्य, एका भांड्याचा स्वयंपाक सोपा भासतो तो त्यातील एक जिन्नस अगोदरच अर्धा रांधलेला असतो म्हणून. खानदेशात हे पूर्वसंस्काराचे काम शेतातली आग करते.

हिवाळ्यात कपाशीची वेचणी आटोपली, की वाळलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग शेतकऱ्याच्या हाताशी असतो. पऱ्हाटीचा जाळ झपाट्याने उठतो आणि झपाट्यानेच ओसरतो. तेवढ्या अवधीत वांग्याची साल करपते, आतला गर आपल्याच वाफेत शिजतो आणि धूर त्यात मुरतो. वांगे फुटू नये म्हणून आधी त्याला टोचे मारावेत. कच्च्या वांग्याचा गर सच्छिद्र असल्यामुळे तो ओतावे तितके तेल शोषून घेतो. भाजल्यावर ती छिद्रे मिटतात, आणि मग थोड्या तेलातही भरीत तकतकीत दिसते. हिरवट, पांढऱ्या रेषांचे, कमी बियांचे वांगे लोक हट्टाने का मागतात, हे भरिताचा पहिला घास घेताच कळते.

यानंतर कढईचा अंमल सुरू होतो, आणि तिथे क्रमाला फार महत्त्व आहे. तेलात प्रथम शेंगदाणे व खोबऱ्याचे काप, कारण ओलसर गरात पडल्यावर त्यांना खरपूसपणा येणे नाही. त्यामागून ठेचलेली हिरवी मिरची व लसूण. मग कांद्याची पात, जिने केवळ मान टाकावी, शिजून पडू नये. आणि सरतेशेवटी सोलून ठेचलेले वांगे व मीठ. पाणी घालण्याची मुभा मुळीच नाही. उलट गरातले पाणी आटेपर्यंत परतावयाचे. तांबडे तिखट व गरम मसाला घालणारेही आढळतात. माझ्या मते तो धुरावर अन्याय आहे. सोबतीला कळण्याच्या पुऱ्या वा भाकरी असल्या, की दुसऱ्या कालवणाची गरज उरत नाही.

शहरातल्या वाचकांना पऱ्हाट्या कोठून मिळणार? त्यांनी निदान कोळशाची शेगडी पेटवावी. गॅसच्या ज्योतीवरही वांगे उत्तम मऊ होते, धुराचा वास तेवढा उणा राहतो. मात्र भाजलेला गर मिक्सरमध्ये फिरवू नये. लाकडी भांड्यात मुसळीने ठेचावा, म्हणजे त्याचे धागे शाबूत राहतात.