डाग, ठसा आणि लाखेचे सील

पुणे-सोलापूर महामार्गावरील लोणी काळभोर हे गाव २०२१ मध्ये पुणे ग्रामीण पोलिसांच्या अखत्यारीतून पुणे शहर पोलीस आयुक्तालयात आले. तेव्हापासून येथे एखादा गंभीर गुन्हा घडला की त्याचा तपास शहराच्या यंत्रणेने करायचा असतो. पंचांसमक्ष उचललेला रक्ताचा डाग कागदी पाकिटात बंद होऊन गणेशखिंड येथील प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातो. बोटांचे ठसे आधी पोलिसांच्या ठसेतज्ज्ञांकडे आणि गरज पडल्यास राज्याच्या अंगुलिमुद्रा केंद्राकडे जातात, आणि हे केंद्र ज्या राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचा भाग आहे त्याचे मुख्यालयही पुण्यातच आहे. गुन्ह्याची जागा आणि तिच्या खुणा तपासणारी तज्ज्ञ माणसे एकाच शहराच्या परिघात असणे ही सोय महाराष्ट्रातल्या फार थोड्या गावांना लाभली आहे. तरीही या खुणांपासून न्यायालयाला नेमके काय कळते आणि काय कळत नाही, याविषयी सर्वसामान्य वाचकाच्या मनात बऱ्याचदा चित्रपटांनी आणि मालिकांनी रुजवलेली समजूत असते.

बोटाच्या टोकावरील त्वचेवर बारीक उंचवट्यांच्या रेषा असतात. गर्भावस्थेच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास त्या घडू लागतात, सहाव्या महिन्यापर्यंत त्यांची रचना कायम होते आणि पुढे माणूस वाढला तरी रेषांचा क्रम बदलत नाही. वरवरची जखम भरून आल्यावर तीच रचना पुन्हा उमटते. या रेषांवर घामाची सूक्ष्म छिद्रे असल्यामुळे बोट काचेला, कपाटाला किंवा मोटारीच्या दाराला लागले की घाम आणि त्वचेवरील तेलकटपणा यांचा एक अदृश्य आराखडा तेथे राहतो, त्याला सुप्त ठसा म्हणतात. शंख, चक्र आणि कमान हे ढोबळ आकार कोट्यवधी माणसांत सारखे आढळतात, त्यामुळे केवळ आकारावरून ओळख पटत नाही. एखादी रेषा कोठे संपते, कोठे तिला फाटा फुटतो, दोन फाट्यांमध्ये किती रेषा आहेत, अशा बारीक लक्षणांचा परस्परसंबंध जुळला तरच तज्ज्ञ दोन ठसे एकाच बोटाचे असल्याचे मत देतो.

सुप्त ठसा दिसावा यासाठी कोणता उपाय योजायचा, हे तो कशावर उमटला आहे यावर ठरते. काच व रंगवलेला पत्रा यांवर भुकटी चालते. कागदावर निनहायड्रिन वापरतात, कारण घामातील अमिनो आम्लांशी त्याचा संयोग होऊन जांभळट रंग येतो. प्लॅस्टिकवर सायनोअॅक्रिलेट या झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ दिली की रेषा पांढऱ्या दिसू लागतात. लोणी काळभोर परिसरात इंधन कंपन्यांचे डेपो आहेत आणि टँकरची सततची ये-जा आहे. तेलाने माखलेल्या पृष्ठभागावर भुकटी सगळीकडेच चिकटते आणि ठसा हाती लागण्याऐवजी पुसला जातो, म्हणून अशा ठिकाणी स्निग्ध पदार्थाला रंगवणारे सुदान ब्लॅक हे रंगद्रव्य उपयोगी पडते. अनुभवी ठसेतज्ज्ञ ब्रश हातात घेण्यापूर्वी पृष्ठभाग बराच वेळ नुसता पाहतो, आणि त्याचे कारण हेच आहे.

या शास्त्राचा पाया भारतात घातला गेला, ही गोष्ट मराठी वाचकाला पुरेशी माहीत नाही याची खंत वाटते. बंगालमधील अधिकारी विल्यम हर्शेल यांनी १८५८ मध्ये राज्यधर कोनाई या ठेकेदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला. पुढे एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली काम करणाऱ्या अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांनी दहा बोटांच्या ठशांचे १,०२४ कप्प्यांत वर्गीकरण करण्याची पद्धत घडवली. ती जगभर हेन्रींच्या नावाने ओळखली गेली आणि ज्यांनी गणिताचे कष्ट उपसले त्यांची नावे दीर्घकाळ तळटिपेत राहिली. १८९७ मध्ये कलकत्त्यात अंगुलिमुद्रा केंद्र स्थापन झाले आणि त्याच सुमारास जलपायगुडीच्या एका चहामळ्याचा व्यवस्थापक गळा चिरलेल्या अवस्थेत सापडला. त्याच्या सामानात एक बंगाली पंचांग होते आणि त्यावर तपकिरी रंगाचे दोन पुसट डाग होते. त्यांपैकी एक डाग उजव्या अंगठ्याचा ठसा निघाला आणि तो पूर्वी शिक्षा भोगलेल्या, त्या घरी नोकरीस राहिलेल्या माणसाच्या नोंदीशी जुळला. रासायनिक परीक्षकाने तो डाग सस्तन प्राण्याच्या रक्ताचा असल्याचे सांगितले. रक्त आणि ठसा असे दोन्ही पुरावे एकाच कागदावर उमटले असूनही न्यायालयाने आरोपीला चोरीबद्दल शिक्षा दिली आणि खुनाच्या आरोपातून मुक्त केले, कारण त्याने रक्ताळलेल्या हाताने पंचांग हाताळले एवढेच ठशाने सिद्ध होत होते आणि शस्त्र कोणी चालवले हे त्यातून निघत नव्हते. त्यानंतर १८९९ मध्ये पुरावा कायद्यात दुरुस्ती होऊन बोटांच्या ठशांवरील तज्ज्ञाचे मत ग्राह्य धरले जाऊ लागले. जलपायगुडीच्या न्यायालयाने तेव्हा आखलेली मर्यादा मात्र आजही तंतोतंत लागू आहे.

रक्ताच्या डागाची परीक्षा पायरीपायरीने होते आणि प्रत्येक पायरीचे उत्तर वेगळ्या प्रश्नाचे असते. पहिला प्रश्न डाग रक्ताचा असू शकेल का, हा. डागाला ओलसर कापूस लावून त्यावर फिनॉल्फथॅलिनचे रंगहीन रूप आणि नंतर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकले की काही क्षणांत गुलाबी रंग उमटतो, कारण हिमोग्लोबिन ही क्रिया घडवून आणते. परंतु मुळ्यासारख्या भाज्यांतील काही विकरेही तसाच रंग आणू शकतात, त्यामुळे ही चाचणी फक्त संशय घेण्यापुरती असते. दुसरा प्रश्न रक्त माणसाचे आहे का, हा. कोंबडी कापलेल्या सुऱ्यावरील रक्त आणि माणसाचे रक्त डोळ्यांना सारखेच दिसते, आणि मानवी प्रथिनांना प्रतिसाद देणाऱ्या द्रवाने हा भेद करण्याची रीत १९०१ मध्ये जर्मनीत उलेनहुथ यांनी दाखवली. तिसरा प्रश्न रक्तगटाचा आणि चौथा व्यक्तीचा. गटाचे उत्तर वगळण्यासाठी प्रभावी आहे, ओळखण्यासाठी दुबळे आहे. डाग ‘बी’ गटाचा आणि संशयिताचा गट ‘ए’ असेल तर ते रक्त त्याचे नव्हे हे निश्चित होते, पण दोन्ही ‘बी’ असतील तर भारतात त्याच गटाची कोट्यवधी माणसे आहेत. रक्तगट जुळला म्हणजे गुन्हेगार सापडला, हा गैरसमज जितक्या लवकर दूर होईल तितके बरे.

रक्तगटाच्या संदर्भात मुंबईचे नाव जगाच्या वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत कायमचे कोरले गेले आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची नोंद केली, तोच ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’. ज्यांच्या रक्तात तो आढळला त्यांच्यात एक रेल्वे अपघातातील जखमी आणि एक भोसकलेला रुग्ण होता, आणि त्यांना कोणाचेही रक्त जुळत नव्हते. सर्वसाधारण ‘ओ’ गटाच्या पेशींवर ‘एच’ नावाचा पदार्थ असतो, ‘ए’ आणि ‘बी’ हे त्यावरच रचले जातात. बॉम्बे गटाच्या व्यक्तीत हा पायाच नसतो आणि तिच्या रक्तद्रवात ‘ओ’ पेशींनाही विरोध करणारी प्रतिद्रव्ये असतात. भारतात असा माणूस साधारण १०,००० मध्ये एक आढळतो. न्यायसहायक प्रयोगशाळेच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, केवळ ‘ए’ आणि ‘बी’ची तपासणी करून दोन्ही नाहीत म्हणून डाग ‘ओ’ ठरवला तर अशा माणसाची ओळख पुसली जाते. म्हणून ‘एच’ आहे की नाही हे स्वतंत्रपणे पाहावे लागते, आणि जुन्या डागात ‘एच’ सापडला नाही तर तो मुळातच नव्हता की उन्हापावसाने नष्ट झाला, असा आणखी एक प्रश्न उभा राहतो.

डीएनएने ही कोंडी बरीचशी फोडली. १९८४ मध्ये इंग्लंडमधील अॅलेक जेफ्रीज यांनी माणसामाणसांतील डीएनएचे फरक ओळखीसाठी वापरता येतात हे दाखवले. रक्ताचा लाल रंग ज्यांच्यामुळे असतो त्या तांबड्या पेशींत केंद्रक नसते, त्यामुळे डागातील डीएनए पांढऱ्या पेशींतून मिळवावा लागतो. त्यातील पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांची संख्या अनेक ठिकाणी मोजून जो आराखडा तयार होतो, तो एकसारखी जुळी भावंडे सोडली तर दुसऱ्या माणसाशी जुळण्याची शक्यता अत्यल्प असते.

तपासातील सर्वांत नाजूक प्रसंग म्हणजे रक्तातच उमटलेला ठसा. तो तीन प्रकारे तयार होऊ शकतो. रक्ताने माखलेले बोट स्वच्छ भिंतीला लागते, किंवा स्वच्छ बोट आधीच सांडलेल्या रक्ताच्या पातळ थरावर टेकते, किंवा पूर्वीपासून असलेल्या सुप्त ठशावर नंतर रक्त येते. पहिल्या प्रकारात उंचवट्यांच्या रेषा गडद दिसतात, दुसऱ्यात बोटाने रक्त बाजूला सारल्याने खाचा गडद दिसू शकतात. घराच्या मालकाचा ठसा त्याच्याच भिंतीवर आधीपासून असणे स्वाभाविक असते, त्यामुळे तिसरा प्रकार पहिला समजला गेला तर निरपराध माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहू शकतो. अशा ठशाचे मोजपट्टीसह छायाचित्र आधी घ्यावे लागते, डीएनएसाठी कापूस रेषा नसलेल्या कडेच्या भागातून फिरवावा लागतो, आणि मगच अमिडो ब्लॅकसारखे प्रथिने रंगवणारे द्रव्य लावून पुसट रेषा गडद करता येतात. हा क्रम उलटा झाला तर दोनपैकी एक पुरावा हातचा जातो.

मराठी पंचनाम्यात ‘रक्तमिश्रित माती’ आणि ‘साधी माती’ असे दोन नमुने स्वतंत्रपणे जप्त केल्याची नोंद असते. साधी माती घेतली नाही तर रक्तमिश्रित मातीतील एखादा परिणाम मातीचा की रक्ताचा, हे प्रयोगशाळेला सांगता येत नाही. ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबले तर दमटपणात जंतू आणि बुरशी वाढून डीएनए कुजतो, म्हणून ते सावलीत वाळवून कागदात गुंडाळायचे असतात. पाकिटावर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी, लाखेचे सील, मुद्देमाल नोंदवहीतील क्रमांक, पाकीट घेऊन जाणाऱ्या अंमलदाराचे नाव आणि प्रयोगशाळेने ‘सील शाबूत’ असल्याची दिलेली पोच, या सगळ्या नोंदी रासायनिक अहवालाइतक्याच मोलाच्या असतात. उलटतपासणीत बचाव पक्षाचा वकील विकरांविषयी क्वचितच विचारतो. मुद्देमाल पोलीस ठाण्यात किती दिवस पडून होता आणि कोणाच्या ताब्यात होता, हे मात्र हमखास विचारतो, आणि ते विचारणे योग्यच आहे.

याचे विदारक उदाहरण पुण्याने पाहिले आहे. १९ मे २०२४ रोजी पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. मोटार चालवत असल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाच्या रक्ताचा नमुना ससून रुग्णालयात घेण्यात आला. पोलिसांच्या आरोपानुसार तो नमुना बदलून दुसऱ्या व्यक्तीचे रक्त ठेवण्यात आले, आणि त्यावरून डॉक्टरांसह अनेकांना अटक झाली. या आरोपांचा निवाडा न्यायालयाने करायचा आहे. शास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय बाब अशी की, संशय आल्यावर वेगळ्या रुग्णालयात दुसरा नमुना घेतला गेला आणि डीएनए तुलनेतून दोन नमुने एकाच व्यक्तीचे नसल्याचे समोर आले. रक्तातील मद्याचे प्रमाण मोजणाऱ्या यंत्राला कुपीत रक्त कोणाचे आहे हे कळत नाही. मोटार वाहन कायद्याने घातलेली १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्याची मर्यादा तपासायची तर नमुना त्याच माणसाचा असला पाहिजे, आणि वेळेत घेतलेलाही असला पाहिजे, कारण शरीर दर तासाला मद्य पचवत जाते आणि उशिरा घेतलेला खरा नमुनाही निरुपयोगी ठरतो.

आरोपीला ठसे देण्यास भाग पाडणे म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणे होय का, हा प्रश्न मुंबई राज्यातील काठी कालू ओघड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींपुढे आला आणि १९६१ मध्ये त्याचे उत्तर नकारार्थी मिळाले. ठसा हा शरीराचा गुणधर्म आहे, ते मनातले कथन नव्हे, अशी त्यामागची भूमिका होती. परंतु ठसा मिळवणे वैध ठरले तरी त्याचा अर्थ लावताना चूक होऊ शकते. २००४ च्या माद्रिद रेल्वे स्फोटांनंतर अमेरिकेच्या एफबीआयने एका वकिलाचा ठसा जुळल्याचे ठामपणे सांगितले होते आणि स्पेनच्या पोलिसांनी तो दुसऱ्याचाच असल्याचे दाखवून दिले. संगणक आता लाखो नोंदींतून काही क्षणांत संभाव्य जुळणी पुढे आणतो, त्या जुळणीवर मत देणारा डोळा मात्र माणसाचाच राहतो. पुण्यातीलच एका विवाहितेच्या सायनाइडने झालेल्या मृत्यूवरून उद्भवलेल्या सारडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये परिस्थितिजन्य पुराव्याचे पाच निकष सांगितले. पुराव्यांची साखळी आरोपीच्या निर्दोषत्वाला वाजवी जागाच उरू नये इतकी पूर्ण असली पाहिजे, हा त्यांचा गाभा. देशभरातील न्यायालये रक्त आणि ठशांचा पुरावा आजही याच निकषांवर तोलतात.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे बंधनकारक होत आहे, आणि ही व्यवस्था उभारण्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. कलम १०५ झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण सक्तीचे करते. लोणी काळभोरपासून गणेशखिंडीची प्रयोगशाळा तासा-दोन तासांच्या अंतरावर आहे. मेळघाटातल्या किंवा भामरागडच्या पोलीस ठाण्याला हे अंतर लाभलेले नाही, आणि तेथे पावसाळ्यात पडलेला रक्ताचा डाग तज्ज्ञ पोहोचेपर्यंत टिकवून ठेवण्याचे काम जवळच्या चौकीतल्या हवालदाराला करावे लागणार आहे. त्याच्या हाती स्वच्छ कापूस, कागदी पाकीट आणि हातमोजे आहेत का, आणि ते कसे वापरायचे हे त्याला कोणी प्रत्यक्ष करून दाखवले आहे का, याकडे गृह विभागाने नव्या यंत्रांच्या खरेदीइतकेच लक्ष द्यायला हवे.